चालू ठेवलेला फोन

एंजेला साळवे दुकानात शिरली तेव्हा तिच्या हातात रुमालात गुंडाळलेला एक फोन होता. सावेडीत पाइपलाइन रोडला मोबाईलचं ते लहानसं दुकान होतं. दिपाली नावाची बाई ते चालवायची. काच बदलण्यापासून रिचार्जपर्यंत सगळं तीच बघायची.

"याला केबल लागत नाही," एंजेला म्हणाली. "वायरलेस चार्जर द्या. चार्जिंग संपत आलंय."

दिपालीनं फोन उलटा करून बघितला. चार्जिंगचं तोंड चेपून आत गेलं होतं आणि त्यात वाळलेला चिखल बसला होता.

"पडला का हो?"

"अपघात झाला."

"हे तोंड बदलून मिळतं, ताई. चार्जर घेण्यापेक्षा ते बरं. संध्याकाळी घेऊन जा."

"त्यासाठी बंद करावा लागेल?"

"बंद तर करावाच लागतो. आतली बॅटरी सोडवल्याशिवाय हातच लावता येत नाही."

"मग नको."

दिपालीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "लॉक माहिती आहे ना तुम्हाला?"

"नाही. भावाचा फोन आहे. तो गेला."

लॅबच्या खिडकीतून पेशंटचं नाव पुकारावं तशा आवाजात ती हे बोलली. एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम ती करायची, आणि नावं पुकारून पुकारून आवाजाला एक सपाटपणा आलेला होता. पण हल्ली घरीही तोच आवाज निघायचा.

दिपालीनं फोन काउंटरवर ठेवला. मग तिनं विचारलं, "त्याच्या खात्याचा पासवर्ड वगैरे? म्हणजे नंबर तिथून काढता आले असते."

"काहीच माहीत नाही."

"सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तर फोन येत राहतील."

"नावं दिसतील?"

"नाही. नावं याच्यात आहेत. आणि एक सांगते, हा बंद पडून परत चालू झाला ना, तर कोड टाकेपर्यंत हाही नुसता नंबरच दाखवणार. आत्ता दाखवतोय, कारण त्यानं स्वतः शेवटचा उघडला तेव्हापासून तो बंद झालेला नाही."

"म्हणूनच चार्जर पाहिजे," एंजेला म्हणाली.

नोहा तिच्याहून लहान. ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत तो सर्व्हिसचं काम करायचा. पारनेर, राहुरी, नेवासा, जिथून फोन येईल तिथं मोटारसायकल काढून जायचा. शेतकऱ्यांचे फिल्टर साफ करायचा, तुंबलेल्या नळ्या मोकळ्या करून द्यायचा. राहुरीच्या अलीकडे रस्त्यात उसाची एक ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता. गाडी ट्रॉलीखाली गेली आणि फोन उडून शेजारच्या चारीत पडला. पोलिसांनी तो चिखलातून काढून ठेवला होता.

ठाण्यात बाकावर बसल्यावर तो शांतवनच्या हातात मिळाला. शांतवन म्हणजे त्यांचे वडील. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मुलं लहान असतानाच बायको वारलेली, दोघांना त्यांनीच वाढवलं होतं. फोन हातात आला आणि लगेच वाजला. पडद्यावर नाव आलं, 'कारभारी कान्हूर मोठ्याने बोल'.

शांतवननं उचलला.

"आरं नोहा, कधी येतुस? फिल्टर पार चोंदलाय!"

"नोहा गेला," शांतवन म्हणाले.

"आं?"

"नोहा गेला!"

"कुठं गेला?"

शांतवन उठून उभे राहिले आणि सगळं ठाणं वळून बघेल इतक्या मोठ्यानं ओरडले, "मेला! माझा नोहा मेला!"

तोपर्यंत त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. नातेवाइकांना एंजेलानं कळवलं होतं. पलीकडून कारभारी म्हणाले, "आसं कसं हुईल," आणि फोन ठेवला.

घरी आल्यावर शांतवन एवढंच बोलले, "हा बंद पडू द्यायचा नाही."

दिपालीनं काउंटरवर तीन चार्जर मांडले. एंजेलानं खोक्यावरचे आकडे वाचले, त्यातला सगळ्यात मोठा आकडा बघितला आणि तो उचलला.

"हा लवकर चार्ज करतो," दिपाली म्हणाली, "पण तापवतोही तेवढाच. या बॅटरीला आधीच मार बसलाय."

एंजेलानं ऐकलं, मान हलवली आणि तोच घेतला. लवकर हा शब्द तेवढा तिच्या कानात शिरला होता. दुकानातच तो लावला. फोनवर हिरवी खूण आली तशी ती बाहेर पडून रस्त्याकडे बघत उभी राहिली. भाजीवाला ओरडत होता. समोर शाळेच्या रिक्षातून मुलं उतरत होती. हे सगळं काचेच्या पलीकडे चालल्यासारखं वाटत होतं.

त्या दिवसांत तिला काहीच होत नव्हतं. दफनविधीत ती खुर्च्या लावत होती, नंतर चर्चमधल्या लोकांनी आणलेले डबे धुऊन पुसून ज्याचे त्याला परत करत होती. लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरची नॅन्सी एकदा हळूच म्हणाली, "रडलीस का गं तू?"

"वेळ नाही मिळाला," एंजेला म्हणाली. तिला ते खरंच तसं वाटत होतं.

चार्जरनं मात्र तिला एक काम दिलं. पहिल्याच आठवड्यात फोन गरम चहाच्या ग्लासासारखा तापायला लागला. शांतवन तो ओल्या फडक्यावर ठेवायला निघाले होते, एंजेलानं तो हिसकून घेतला. मग जेवणाच्या सुट्टीत ती बॅटरीबद्दल वाचू लागली. वायरनं जाणारी वीज थेट आत जाते, वायरलेसमध्ये हवेतून जाताना बरीचशी वाया जाते आणि वाया गेलेल्या विजेची उष्णता होते. फोन चार्जरच्या चकतीच्या बरोबर मध्यावर नसेल तर आणखी. उष्णतेनं बॅटरी म्हातारी होते. सतत काठोकाठ भरून ठेवली तरी म्हातारी होते, तळाला गेली तरी होते. वाचलेलं तिच्या लक्षात राहत होतं. बाकी काही राहत नव्हतं. एकदा एका पेशंटची नळी तिनं दुसऱ्याच्या नावाखाली ठेवली. नॅन्सीनं पाहिलं म्हणून निभावलं.

ती परत दिपालीकडे गेली.

"सगळ्यात हळू चार्ज करणारा द्या."

"आता बोललात बरोबर," दिपाली म्हणाली. तिनं आतून एक स्टँड काढलं. फोन त्यात उभा बसायचा, त्यामुळे मध्यावरून सरकायचा नाही, आणि मागे एक लहानसा पंखा होता. "कव्हर काढून टाका. रात्रभर लावून ठेवू नका. जरा भरला की उचला, उतरला की परत ठेवा. मी सेटिंगमधून बॅटरीची तब्येत बघून सांगितली असती, पण सेटिंग उघडायलाही कोड लागतो."

"किती दिवस चालेल?"

"ते नाही सांगता येणार, ताई. म्हाताऱ्या माणसासारखं आहे. सांभाळलं तर निघतात दिवस."

हॉलच्या खिडकीत, जिथं ऊन येत नव्हतं तिथं, ते स्टँड ठेवलं गेलं. फोन चार्जिंगला लावण्याचं आणि काढण्याचं काम शांतवनकडे आलं. वर्कशॉपमध्ये इंजिनावर हात ठेवून ते त्याचा ताप ओळखायचे, तसा ते फोनच्या पाठीला तळवा लावून बघायचे. "कोमट आहे," म्हणायचे, किंवा "काढतो आता." दोघांत तेवढंच बोलणं व्हायचं. पंखा घूं घूं करत राहायचा.

आणि फोन यायचे. कुलूप न उघडताही उचलता येत होते. नोहानं माणसांची नावं नुसती नावं म्हणून ठेवली नव्हती, प्रत्येकापुढे काहीतरी लिहिलं होतं. 'भीमाबाई कुत्रं सोडलेलं असतं'. 'सहादेव दोन विहिरी, दुसरी विचार'. 'कल्याण पैलवान हसू नको'. 'गोरक्ष रडगाणं, उचल तरी'. हे सगळं फक्त फोन वाजेल तेवढा वेळ दिसायचं. शांतवन आधी पूर्ण वाचायचे आणि मगच उचलायचे. कधीकधी वाचेपर्यंत फोन कट व्हायचा.

उचलल्यावर ते सांगायचे, नोहा आता नाही, मी त्याचा बाप, तुमचं काय काम होतं. सुरुवातीला त्यांचा आवाज फाटायचा. पुढं पुढं ते रेल्वे स्टेशनवरच्या सूचनेसारखं सांगू लागले. कंपनीच्या नव्या माणसाचा नंबर द्यायचे. गोरक्ष मात्र त्या नंबरवर बोलायचाच नाही. तो शांतवनलाच फोन करून पाण्याचा दाब कमी येतो म्हणून सांगत बसायचा, आणि शांतवन ऐकायचे.

एका संध्याकाळी एंजेला कामावरून आली तर शांतवन दोन फोन घेऊन बसलेले. एक स्वतःचा, एक नोहाचा.

"एंजू, इकडं ये. बघ."

त्यांनी स्वतःच्या फोनवरून नोहाला फोन लावला. खिडकीत पडदा उजळला. 'पप्पा लगेच उचल'.

"लगेच उचल, असं लिहिलंय," शांतवन म्हणाले. "आणि उचलायचा पण. कधी दुसऱ्यांदा वाजू दिला नाही त्यानं."

"हो, पप्पा."

"तू लावून बघितलास?"

"नाही."

"बघ की."

"नंतर," ती म्हणाली आणि भात लावायला आत गेली. कुकरचं झाकण हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. त्यानं आपल्याला काय नाव ठेवलं असेल याची तिला उत्सुकता वाटायला हवी होती. ती वाटत नव्हती. वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

त्यानंतर शांतवन रोज फोन लावू लागले. सकाळी चहा झाला की एकदा, दुपारी एकदा. पडदा उजळायचा, ते वाचायचे आणि वाजून वाजून थांबू द्यायचे. प्रत्येक वेळी बॅटरी थोडी उतरायची आणि फोन परत स्टँडवर जायचा. एंजेलाला ते कळत होतं. 'पप्पा, तुमच्या फोनमुळेच ती लवकर संपेल,' असं तिनं मनात कितीदा तरी म्हटलं, तोंडानं एकदाही नाही.

उन्हाळा लागला. नगरचा उन्हाळा, भिंतीसुद्धा तापलेल्या. दुपारी वीज जायची, आली की फोन स्टँडवर चढायचा आणि खोलीच इतकी गरम असायची की पंख्याचा काही उपयोग व्हायचा नाही. आधी चार्ज लवकर उतरू लागला. मग एका सकाळी शांतवननं फोन उचलला आणि ते त्यावर बोट फिरवत राहिले.

"एंजू, याची काच उचलल्यासारखी झालीय."

तिनं फोन आडवा करून उजेडात धरला. एका बाजूनं काच आणि चौकट यांच्यामध्ये फट पडली होती, नखाएवढी. मागची बाजू फुगलेली होती. तिनं तो लगेच खाली ठेवला. हे तिनं वाचलेलं होतं.

दोघं स्कूटरवर दिपालीकडे गेले. दिपालीनं फोन हातातही घेतला नाही. काउंटरवर ठेवायला सांगितला, वाकून बाजूनं पाहिलं आणि म्हणाली, "काका, हा आज बंद करायचा. आत्ताच. बॅटरी फुगलीय. दाबली गेली, तापली, तर पेट घेते. घरात ठेवण्यासारखा नाही हा."

"अजून थोडे दिवस?" शांतवन म्हणाले.

"नाही काका."

"चार्जर दुसरा घेऊ."

"चार्जरचा नाही आता प्रश्न." ती हळू बोलत होती. "अपघातात आदळला तेव्हाच तिला मार बसला असणार. एवढे दिवस चालली ते तुम्ही सांभाळली म्हणून. मी बॅटरी नवीन टाकते, तोंडही बदलते. फोन येतील, उचलता येतील. नावं नाही दिसणार."

शांतवन स्टुलावर बसले. त्यांच्या हाताला काही काम नव्हतं म्हणून ते गुडघे चोळत राहिले.

"कुणाला काही बघायचं असेल तर बघून घ्या," दिपाली म्हणाली आणि मुद्दाम मागच्या फळीवर काहीतरी शोधू लागली.

शांतवननं स्वतःचा फोन काढला आणि शेवटचा लावला. 'पप्पा लगेच उचल'. वाजून थांबला. मग त्यांनी एंजेलाकडे पाहिलं.

एंजेलानं पर्समधून फोन काढला. नोहाचं नाव शोधलं, लावला. काउंटरवरचा फोन थरथरत किंचित सरकला. पडद्यावर आलं, 'ताई लॅब'.

एवढंच. पुढे काही नाही. ती वाट बघत राहिली, जणू अजून काही अक्षरं मागून येणार होती. फोन वाजून थांबला.

"ताई लॅब," ती म्हणाली.

"बरोबर आहे," शांतवन म्हणाले. "खेड्यातली माणसं त्याला विचारायची ना, रक्त कुठं तपासायचं. तुझा नंबर द्यायचा तो सगळ्यांना."

"हो, यायची माणसं. नोहासाहेबानं पाठवलंय म्हणायची."

"मग."

"बंद करा," एंजेला दिपालीला म्हणाली.

दिपालीनं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. शांतवन उठले, दुकानाबाहेर गेले आणि स्कूटरजवळ पाठमोरे उभे राहिले. एंजेला आतच थांबली. दिपालीनं पाण्याचा ग्लास पुढे केला, पाणी पिऊन तिनं तो कोरड्या फडक्यानं पुसून परत ठेवला.

दुरुस्त झालेला फोन घरी आला. आता त्याला साधी केबल लागत होती. चार्ज भराभर व्हायचा, तापायचा नाही, दिवसभर टिकायचा. पंख्याचं स्टँड एंजेलानं कपाटात ठेवून दिलं. घर फारच शांत झालं. फोनही कमी येऊ लागले, कारण नव्या माणसाचा नंबर एव्हाना सगळीकडे पोचला होता. गोरक्षचा यायचा. नुसता आकडा दिसायचा, पण शांतवन श्वासावरूनच ओळखायचे. "बोल गोरक्ष. आज काय झालं?"

एका रविवारी चर्चहून आल्यावर फोन वाजला. शांतवन कपडे बदलत होते, म्हणून एंजेलानं उचलला.

"नोहा हाय का? म्या राहीबाई, नेवाशाकडची. आवं, लई दिवस झालं, पोरगं फिरकलंच न्हाई."

राहीबाईचा फोन याआधी कधी आला नव्हता. नोहानं तिचं नाव काय लिहून ठेवलं होतं ते आता कळायचा मार्ग नव्हता.

"नोहा नाही," एंजेला म्हणाली. "तो वारला. अपघातात."

राहीबाईनं विचारलं, "मंग तू कोन गं?"

"बहीण."

"थोरली का धाकली?"

"थोरली."

"आई हाय का?"

"नाही. वडील आहेत."

"सैपाक कोन करतं?"

आजवर लोकांनी कसं झालं, कुठं झालं, ट्रॉलीवाला सापडला का, एवढंच विचारलं होतं. "मीच करते," ती म्हणाली.

"आसं कर, बापाला घिऊन ये हिकडं. ठिबकचं काय घिऊन बसायचं, ते हुईल कवातरी. तुमी या."

एंजेला नको म्हणणार होती. पण शांतवन दारात येऊन उभे होते आणि फोनमधला मोठा आवाज त्यांना ऐकू गेला होता. "येतो म्हणून सांग," ते म्हणाले. "मी नोहाचा पाना घेतो."

दोघं एसटीनं गेले. फाट्यावर राहीबाई स्वतः उभी होती. सुरकुतलेली, काटक, डोक्यावर पदर. तिनं शांतवनला नमस्कार केला आणि एंजेलाचा हात मनगटाला धरला, तो वस्तीवर पोचेपर्यंत सोडला नाही. वाटेत तिनं सांगितलं की नोहा आला की आधी गोठ्यात जायचा, म्हशीच्या कपाळाला हात लावायचा आणि मगच फिल्टरकडे वळायचा. "तिला भ्यायचा त्यो. म्हनायचा, वळख ठिवलेली बरी."

एंजेलाला हे माहीत नव्हतं. नोहा म्हशीला भ्यायचा.

वरण, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही असं जेवण झालं. राहीबाईनं आग्रह केला नाही, फक्त ताट रिकामं झालं की वाढत राहिली. जेवून शांतवन विहिरीकडे गेले, फिल्टर उघडून बसले. एंजेला ओसरीतल्या बाजेवर टेकली. शेतावरून वारा येत होता, लांब कुठंतरी मोटर चालू होती. थोडं टेकून मग पप्पांना हात द्यायला जाऊ, असं ती ठरवत होती.

जागी झाली तेव्हा ऊन पार अंगणाच्या टोकाला गेलेलं होतं. अंगावर एक जुनी गोधडी होती. उशी ओली लागली म्हणून तिनं गालाला हात लावला, तर गालही ओला होता. आपण झोपेत रडलो की काय, ते तिला आठवेना. कुठं आहोत तेही क्षणभर कळलं नाही. अंगणात राहीबाई शेंगा निवडत बसली होती आणि तिच्यासमोर शांतवन, चिखलानं हात भरलेले, फिल्टरची जाळी घासत होते.

"पप्पा, गाडी?" ती उठायला लागली.

"गेली," शांतवन म्हणाले. "तू झोपली होतीस."

"उठवायचं ना."

"म्याच न्हाई उठवू दिलं," राहीबाई म्हणाली. "नीज आजून. सकाळच्याला हाय गाडी."

लॅबला कळवायला हवं होतं, सकाळची पाळी तिचीच होती. तिनं नॅन्सीला फोन लावला, उद्या येत नाही म्हणून सांगितलं. का ते नॅन्सीनं विचारलं तर तिला नीट सांगता आलं नाही. "झोपायचंय," ती म्हणाली.

मग तिनं फोन उशाशी ठेवला आणि गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.